विज्ञान शिकवायला शिकताना

(मिशनच्या वार्षिक उपकारस्तुती मेळाव्यात आमच्या बोर्डिंगच्या एका माजी विद्यार्थिनीने केलेले भाषण. जागेअभावी थोडे संक्षिप्त केले आहे. – संपादक)



मला साक्ष द्यायला सांगितलं आहे. साक्ष म्हटली की देवाने कसं सांभाळलं, कसं यश दिलं, हे आपण सांगतो. तेही मी सांगणार आहे. पण माझी साक्ष खरं तर एका चुकलेल्या पाठाची आहे. त्या पाठाने मला शिक्षक केलं, म्हणून तो तुमच्यापुढे मांडते.

मी नवापूर तालुक्यातली, मावची समाजातली. पाचवीपासून दहावीपर्यंत मिशनच्या बोर्डिंगात राहिले. तुमच्यापैकी कित्येकांना माझं नावही ठाऊक नव्हतं, तरी माझ्या ताटातली भाकरी तुमच्या दानातून आली. पुढे रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले. घरी सगळ्यांना वाटलं, आता शिक्षण संपलं. काका म्हणाले, सुरतेला कंपनीत लाग, महिन्याला पैसे येतील. ते चूक बोलत नव्हते. माझ्या मागे दोन भावंडं शिकत होती. पण मला शाळेत विज्ञान शिकवायचं होतं, आणि त्यासाठी बी.एड. लागतं.

इथे बसलेल्या आईबापांसाठी हे नीट सांगते, कारण आमच्या घरी कुणालाच ते माहीत नव्हतं. पदवीनंतर राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते, तिला सगळे सीईटी म्हणतात. पूर्वी बी.एड. एका वर्षाचं होतं. २०१५ पासून ते दोन वर्षांचं झालं. त्यात वर्गातल्या अभ्यासाला ८० टक्के आणि शाळेतल्या प्रत्यक्ष कामाला ९० टक्के हजेरी लागते. म्हणजे दिवसा मजुरी किंवा नोकरी करून हे शिक्षण होत नाही. आमच्या मुलांना शिष्यवृत्ती आहे, पण माझी हातात पडली तेव्हा वर्ष सरत आलं होतं. तोवर खोलीचं भाडं, खाणावळ, सराव शाळेला जायचं एसटीचं भाडं आणि तक्त्यांचे कागद कुठून आणायचे? त्या दोन वर्षांत माझी खाणावळ आणि प्रवास मिशनने भागवला. नाहीतर पहिल्या दिवाळीलाच मी सुरतेची गाडी धरली असती.

आमचं कॉलेज जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला जोडलेलं होतं. मला वाटायचं, मला विज्ञान येतं, म्हणजे ते शिकवताही येईल. हा गैरसमज पहिल्याच महिन्यात गेला. सुरुवातीला सूक्ष्म अध्यापन असतं. सहा मिनिटांचा पाठ, एकच कौशल्य, आणि समोर विद्यार्थी म्हणून आपलेच सोबती. एक दिवस फक्त प्रश्न विचारायचे. एक दिवस फक्त फळ्यावर लिहायचं. सहा मिनिटं शिकवलं की सहा मिनिटं सगळे चुका सांगतात, मग बारा मिनिटांत पाठ पुन्हा बांधायचा आणि पुन्हा शिकवायचा. माझ्याबद्दल पहिल्या दिवशी कळलं ते असं, की प्रश्न विचारून मी स्वतःच उत्तर देते. शांतता मला सहन होत नाही. मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, “प्रश्न टाकल्यावर मनात पाच आकडे मोज. मुलाला विचार करायला तेवढी जागा दे.” ही साधी गोष्ट अंगवळणी पडायला मला पावसाळा गेला.

दुसरी अडचण भाषेची. माझ्या घरची बोली मावची. पुस्तकातली मराठी मी शाळेत शिकले आणि बी.एस्सी.चं विज्ञान इंग्रजीतून. आता ते परत मराठीत आणायचं होतं. ‘ऑक्सिडेशन’ मला माहीत होतं, पण ‘ऑक्सिडीकरण’ म्हणताना जीभ अडखळायची. आधी लाज वाटली. मग लक्षात आलं, की आमच्या मुलांना विज्ञान का जमत नाही याचं अर्धं उत्तर मला माझ्याच जिभेवर सापडलं आहे. वर्गात गप्प बसलेलं मूल मठ्ठ नसतं. पुष्कळदा ते अजून शब्दांशीच झगडत असतं.

पहिल्या वर्षी चार आणि दुसऱ्या वर्षी सोळा आठवडे शाळेत काढायचे असतात. त्याला आंतरवासिता म्हणतात. दुसऱ्या वर्षी मला सातपुड्याच्या पायथ्याची एक माध्यमिक आश्रमशाळा मिळाली. मुलं भिल्ल आणि पावरा. मी आदिवासी, तीही आदिवासी, पण माझी बोली त्यांना अर्धीच कळायची. आणि शाळेत विज्ञानाचा शिक्षक एकच असतो. भौतिक, रसायन, जीवशास्त्र सगळं त्यालाच. मी रसायनवाली, तरी माझ्या वाट्याला नववीचा ‘आनुवंशिकता व परिवर्तन’ हा धडा आला. त्यात सिकलसेलचाही भाग होता.

सिकलसेल काय आहे हे आपल्या भागात सांगावं लागत नाही. नंदुरबार जिल्ह्यात असं गाव शोधावं लागेल, जिथे हा आजार कुणी पाहिला नाही. पण पाहणं वेगळं आणि समजणं वेगळं.

त्या दिवशी माझ्या पाठाचं निरीक्षण होतं. मॅडम मागच्या बाकावर वही घेऊन बसल्या होत्या. पस्तीस मिनिटांची तासिका. माझं पाठ टाचण अगदी रेखीव होतं: उद्दिष्टं, शिक्षक कृती, विद्यार्थी कृती, फलकलेखन, मूल्यमापन. गोल रक्तपेशी आणि विळ्यासारखी वाकलेली रक्तपेशी असा तक्ताही रंगवला होता. पाठ छान चालला होता. वीस मिनिटं झाली असतील, तोच तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. ती एरवी कधी बोलायची नाही. तिने विचारलं, “मॅडम, हे आईमुळे होतं का?”

माझ्यापुढे फळ्याचा अर्धा भाग कोरा होता आणि मूल्यमापनाचे पाच प्रश्न बाकी होते. मी म्हणाले, “ते पुढे येईल, बस.” आणि पुढे गेले. घंटा वाजण्याआधी टाचण पूर्ण केलं. मनातून खूश झाले. मॅडमनी वही हातात दिली. शेवटी दोनच ओळी होत्या. टाचण पूर्ण झाले. प्रश्न राहिला.

संध्याकाळी मी त्या मुलीला अंगणात गाठलं. ती कोण, कुठल्या गावची, हे मी सांगणार नाही. तिचा धाकटा भाऊ सिकलसेलचा रुग्ण होता. हातपाय ठणकायचे, पोरगा रात्ररात्र रडायचा. आणि घरात, पाड्यावर सगळे तिच्या आईला बोल लावत होते. कुणी म्हणे तिचं रक्तच वाईट. कुणी तर त्या बाईला डाकीण म्हणायला लागलं होतं. या शब्दाने आपल्या डोंगरात काय काय होतं, ते तुम्हांला माहीत आहे. २०१३ साली राज्याने जादूटोणाविरोधी कायदा केला, तो काही उगाच नाही. त्या पोरीने माझ्या वर्गात जो प्रश्न विचारला, तो पुस्तकातला नव्हताच. तो तिच्या आईच्या जिवाचा प्रश्न होता. आणि मी तिला खाली बसवलं होतं.

त्या रात्री मला झोप आली नाही. तेव्हा आठवले ग्रेगोर मेंडेल, आनुवंशिकतेचे नियम शोधणारे. ते मठातले साधू होते, हे आपल्यातल्या पुष्कळांना माहीत नसेल. आणि एक गोष्ट मलाही बी.एड. करतानाच कळली. त्यांना माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवायचं होतं. १८५० मध्ये ते शिक्षकाच्या परीक्षेला बसले आणि नापास झाले. मठाने त्यांना १८५१ मध्ये व्हिएन्नाच्या विद्यापीठात पाठवलं. तिथे दोन वर्षं शिकून ते परत आले, शाळेत बदली शिक्षक म्हणून शिकवू लागले. १८५६ मध्ये पुन्हा परीक्षेला बसले, तेव्हाही प्रमाणपत्र मिळालं नाही. तरी वर्षानुवर्षं ते शिकवत राहिले, आणि मठाच्या बागेत वाटाण्याची रोपं वाढवून मोजत राहिले. १८६६ मध्ये त्यांचा निबंध छापला गेला. आज त्याच वाटाण्यांमुळे आपल्याला सिकलसेल एका पिढीतून दुसरीत कसा जातो ते सांगता येतं. म्हटलं, एवढा मोठा माणूस शिक्षकाच्या परीक्षेत दोनदा अडला, तर मी एका पाठाने का खचावं? चुकलेला पाठ पुन्हा घेता येतो.

तीन दिवस मी तयारी केली. सरकारी दवाखान्यातल्या तंत्रज्ञांना भेटले, तपासणी कशी करतात ते विचारलं. मग चिंचोके आणले. निम्मे तसेच काळपट ठेवले, निम्म्यांना चुना लावून पांढरं केलं. कापडाच्या छोट्या पिशव्या शिवल्या. मुख्याध्यापकांकडून एक जादा तासिका मागून घेतली.

वर्गात मुलांच्या जोड्या केल्या. प्रत्येक जोडीला दोन पिशव्या, एक आईची आणि एक बापाची. प्रत्येक पिशवीत एक काळा आणि एक पांढरा चिंचोका. पांढरा म्हणजे सिकलसेलचा जनुक. म्हणजे आई वाहक आणि बापही वाहक. दोघांनाही स्वतःला काही त्रास नाही. आता न बघता दोन्ही पिशव्यांतून एकेक चिंचोका काढायचा. हे झालं एक मूल. दोन्ही काळे निघाले तर मूल निरोगी. एक काळा, एक पांढरा निघाला तर मूल आईबापासारखं वाहक. दोन्ही पांढरे निघाले तरच आजार. वहीत नोंद करायची, चिंचोके परत टाकायचे, पुन्हा काढायचे. प्रत्येक जोडीने दहा वेळा.

वर्गात असा गलका झाला की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. शेवटी सगळ्या जोड्यांची बेरीज फळ्यावर मांडली. दोन्ही पांढरे आले ते साधारण चौथा हिस्सा. निम्मे वाहक. पुस्तकात लिहिलं आहे तसंच. पण मुलांच्या ध्यानात राहिलं ते दुसरंच. एका जोडीला लागोपाठ तीन वेळा दोन्ही पांढरे आले. दुसऱ्या एका जोडीला दहांत एकदाही नाही. एक मुलगा ओरडला, “मॅडम, यांच्या घराला काहीतरी लागलंय!” मी मनात पाच आकडे मोजले. तेवढ्यात दुसराच मुलगा म्हणाला, “काय लागलंय? पिशव्या तर सगळ्यांच्या सारख्याच आहेत.”

बंधूंनो आणि बहिणींनो, मला वाटतं, त्या क्षणी माझं बी.एड. पूर्ण झालं.

मग मी त्या मुलीकडे वळले. तिचं नाव घेतलं नाही, सगळ्या वर्गालाच विचारलं, “एकट्या आईच्या पिशवीतून हा आजार काढता येतो का?” मुलांनी करून पाहिलं. नाही येत. दोन्ही पिशव्या लागतात. आणि पहिलं मूल आजारी निघालं म्हणून पुढची तीन नक्की चांगली, असंही नाही. दर वेळी हात पुन्हा नव्याने पिशवीत जातो.

मग बाकीचं सांगितलं. शरीरात प्राणवायू कमी पडला की या रक्तपेशी वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, म्हणून असह्य दुखतं. चांगली रक्तपेशी साधारण १२० दिवस जगते, ही त्याच्या कितीतरी आधी मरते, म्हणून रक्त कमी पडतं. भरपूर पाणी प्यावं, थंडी-तापापासून जपावं, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बंद करू नयेत. हा जनुक आपल्यातच एवढा का, असंही एकाने विचारलं. त्याचं उत्तर सांगताना मला अभिमान वाटला. ज्याच्याकडे हा जनुक एकच असतो, त्याला जिवावर बेतणाऱ्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. मलेरियाच्या रानांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या पूर्वजांना याच जनुकाने वाचवलं. म्हणजे हा शाप नाही. एकेरी आला तेव्हा तो ढाल होता, दुहेरी आला की आजार होतो.

तास संपल्यावर ती मुलगी थांबली. म्हणाली, “मॅडम, दोन पिशव्या घरी नेऊ?”

पंधरा दिवसांनी बाजाराच्या दिवशी तिचे वडील शाळेत आले. हातात त्याच पिशव्या. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एक पिशवी वर धरून विचारलं, “ही माझी?” मी म्हणाले, “हो दादा, ही तुमची.” त्यांनी ती खिशात ठेवली आणि विचारलं, “मोठ्या पोरीची तपासणी कुठे करायची?” बस, एवढंच. त्या घरातलं सगळं बदललं असं मी सांगणार नाही. आजी अजूनही सुनेला बोलते म्हणे. पण पोरीची तपासणी झाली, मुलाच्या गोळ्या सुरू आहेत, आणि बाप आता बायकोच्या बाजूने बोलतो.

आता थोडं आपल्या मंडळीबद्दल बोलते. वडीलधाऱ्यांनी राग मानू नये. आपण भगताकडे जात नाही, डाकीण मानत नाही. पण आजारी मुलाच्या घरी प्रार्थनेला गेल्यावर आपल्यातलाही कुणीतरी हळूच म्हणतो, बापजाद्यांचं काही पाप असेल. मीही लहानपणी हे ऐकलं आहे. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाची गोष्ट आहे. शिष्यांनीही प्रभूला तेच विचारलं होतं, की पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? प्रभूने दोन्ही नाकारलं. माझ्या तिसऱ्या बाकावरच्या मुलीचा प्रश्न तोच होता. प्रभूने त्या प्रश्नाला खाली बसवलं नाही. मी बसवलं होतं. म्हणून मला वाटतं, विज्ञानाचा तास आणि आपली उपासना यांच्यात भांडण नाही. निर्दोष माणसावरचा दोष उतरवणं हे दोन्हीकडचं काम आहे.

शेवटी एक विनंती. आपलं मिशन मुलांना दहावी-बारावीपर्यंत नेतं, आणि आपण सगळे त्यासाठी मनापासून देतो. लहान मुलाचा फोटो पाहून हात खिशात जातो, ते योग्यच आहे. पण बावीस-तेवीस वर्षांच्या पदवीधर मुलासाठी दान मागितलं की लोक म्हणतात, आता त्याने कमवावं. तिथेच आमची मुलं गळतात. पदवीपर्यंत आलेली मुलं, ज्यांना अजून दोन वर्षं कुणी आधार दिला तर ती शिक्षक होतील. हा खर्च फार मोठा नाही. खाणावळ, खोली, एसटीचा पास, सीईटीचा अर्ज, आणि शिष्यवृत्ती हातात येईपर्यंतचा उसना आधार. एक मंडळी मिळून एका छात्राध्यापकाची दोन वर्षं सहज उचलू शकते.

हे काम आपल्याला नवीनही नाही. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचं शिक्षण घेतलं ते त्या वेळच्या अहमदनगरला, मिस सिंथिया फरार या मिशनरी बाईंकडे. आपल्या आधीच्या लोकांना ठाऊक होतं, की एका मुलाला शिकवलं तर एक घर उभं राहतं, पण एक शिक्षक घडवला तर दर वर्षी एक वर्ग उभा राहतो.

बी.एड. झालं म्हणजे नोकरी लागली असंही नाही. पुढे अभियोग्यता चाचणी आहे, मग भरतीचं पोर्टल. त्याचं नाव ‘पवित्र’ आहे, त्यामुळे आमच्या घरी आई त्याच्यासाठी रोज मोठ्या श्रद्धेने प्रार्थना करते! सध्या मी एका आश्रमशाळेत तासिका तत्त्वावर शिकवते. पगार थोडा आहे आणि सुट्टीत तोही नसतो. माझ्यासाठी प्रार्थना करा. पण माझ्यापेक्षा जास्त, आज आपल्याच बोर्डिंगातून निघून बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात बसलेल्या मुलामुलींसाठी करा. यंदा सीईटीचा अर्ज भरावा की सुरतेची गाडी धरावी, हे ती या महिन्यांत ठरवत आहेत.

त्या चिंचोक्यांच्या पिशव्या अजून माझ्या कपाटात आहेत. दर वर्षी नववीच्या वर्गात त्या बाहेर निघतात. आणि दर वर्षी कुणीतरी तोच प्रश्न विचारतं. आता मी टाचण बाजूला ठेवते.